खडकवासल्याचं पाणी, ताडोबाचं ऊन

माझ्या चुलतभावाचा मुलगा केतन याचा परवा अमेरिकेहून फोन आला. त्याच्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, आठवणींची एक घरगुती स्मरणिका काढायची आहे आणि 'अण्णांनी आखलेली ताडोबाची सहल' यावर मी दोन पानं लिहावीत, असं त्याचं म्हणणं. "त्या काळात मे महिन्यात ताडोबाला जायचं म्हणजे काय व्हिजन असेल गं त्यांची, आत्या!" असंही तो म्हणाला. मला हसू आवरलं नाही. माझ्या हसण्याचा अर्थ त्याला बरोबर कळला असावा. तो म्हणाला, "आणि ते पाण्याचं तेवढं नको लिहूस." म्हणजे पाण्याचं त्याच्यापर्यंत पोचलं होतं तर. मी त्याला बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ठरवलं, की स्मरणिकेसाठी काहीच लिहायचं नाही. इथे लिहायचं, आणि पाण्यासकट लिहायचं. ताडोबाची सहल अण्णांनी आखली नव्हती. ती मी आखली, आणि हट्ट होता माझ्या आईचा.

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेतून कोथरूडला आलं तेव्हा मी शाळेत होते. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघा भावांनी नव्या सोसायटीत समोरासमोरचे फ्लॅट घेतले आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी राहतील असा नियम अण्णांनी पहिल्याच दिवशी केला. त्यामुळे फ्लॅट दोन असले तरी घर एकच, आणि घर एकच म्हणून स्वयंपाकघरही एकच, ते आमच्याकडचं. काकू भाज्या निवडून-चिरून ताट घेऊन इकडे येत. कणीक, पोळ्या, फोडण्या आईकडे. त्या वेळच्या कोथरूडचा आवाज म्हणजे समोरच्या प्लॉटवर घरघरणारा काँक्रीटचा मिक्सर, सकाळी किका खाऊन खोकणाऱ्या स्कूटर, आणि त्या सगळ्यांच्या वर अण्णांच्या रेडिओवरच्या बातम्या. काल जिथे शिवणाचे क्लास होते तिथे आज संगणकाचे क्लास निघत होते. अण्णांचा श्रीधर, म्हणजे या केतनचा बाप, त्याच लाटेत अमेरिकेला गेला. मीही बी.एस्सी. करून, वर एक पदविका घेऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पुतणी काय करते असं कुणी विचारलं की अण्णा सांगत, "टंकलेखन. फक्त गारव्यात बसून."

दर मे महिन्यात आमची सहल निघे आणि ती अण्णा आखत. संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये त्यासाठी रीतसर सभा भरे. अण्णा आरामखुर्चीत, मांडीवर रेल्वेचं वेळापत्रक, नाकावर चष्मा. दोन-तीन ठिकाणांची नावं ते वाचून दाखवत, त्यातल्या कोकणाचे गुण आणि बाकीच्यांचे दोष सांगत आणि मग म्हणत, "लोकशाही आहे. हात वर करा." लोकशाही अशी, की आधी अण्णांचा हात वर जाई, त्यांच्याकडे बघून बाबांचा जाई, काकू कप गोळा करता करता मान हलवत, आणि सहल कोकणात जाई. अठरा पुरी झाल्यावर मत मलाही मिळालं होतं, पण त्याचा उपयोग अण्णांना "कुणाचा विरोध?" असं विचारता यावं एवढाच होता. आईचा हात मात्र मी कधीच वर गेलेला पाहिला नव्हता. नियमानं तिलाही मत होतं. पण सभेला अण्णांना तव्यावरची गुळाची पोळी लागे, गरम, वर तुपाची धार सोडलेली, आणि ती एकामागून एक लागे. त्यामुळे सभा चालू असताना आई समोरच्या स्वयंपाकघरात कणकेत हात घालून उभी असे. दारं उघडीच असत, तिला शब्द न् शब्द ऐकू येई. हात तेवढे मोकळे नसत.

सहलीत तरी वेगळं काय होतं? बाहेरचं खायचं नाही हा नियम, म्हणून दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट आणि स्टोव्ह आमच्याबरोबर फिरत. समुद्रावर आम्ही जात असू तेव्हा आई खोलीमागे पिठलं टाकत असे आणि काकू विहिरीवरून धुण्याभांड्याचं पाणी ओढत असत. प्यायचं पाणी मात्र विहिरीचं नाही. अण्णांच्या मते जगात पिण्यालायक पाणी एकच, खडकवासल्याचं. निळ्या झाकणाचे दोन थोरले कॅन ते स्वतः विसळत, स्वतः भरत आणि गाडीत त्यांची जागा माणसांच्या आधी ठरवत. पुण्याबाहेर पडलेल्या प्रत्येक गावाचं पाणी जड असतं, असं ते जाईल तिथे, त्या त्या गावच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

आई चंद्रपूरकडची. तिचं गाव पळसबोडी, ताडोबाच्या जंगलाला लागून. बाबा तरुणपणी तिकडे एका कारखान्यात नोकरीला होते, तिथल्या शाळामास्तरांच्या या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि मग ते पुण्याला परत आले. नारायण पेठेत पाऊल टाकल्याच्या पहिल्या आठवड्यात आई "मी भाजी चिरून राहिली" असं काहीतरी म्हणाली, आणि अण्णांनी विचारलं, "चिरून कुठे राहिलीस? सदाशिव पेठेत?" तो विनोद त्यांनी इतकी वर्षं वापरला, की अखेर झिजून त्याला कुणी हसेनासं झालं. आई हळूहळू आमच्याहून शुद्ध बोलायला लागली. मुळात बोलायचीच कमी झाली. माहेरी ती दिवाळीत जाई, चार दिवस. तिला हवा असे मे महिना. मेमध्ये जंगलाच्या कडेला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकतात, चारोळीची चारं पिकतात, आंबट-गोड, आणि पोरं दिवसभर तोंड माखून हिंडतात, असं ती मला लहानपणी झोपवताना सांगायची. पण मेमध्ये आमची सहल असे आणि सहलीत स्वयंपाक असे. शिवाय तिकडच्या उन्हाला अण्णा ऊन म्हणतच नसत, शिक्षा म्हणत.

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी एकदा ओट्याशी उभी राहून तिला विचारलं होतं, की तुला कुठे जायला आवडेल. मला वाटलं, काशी म्हणेल, फार तर काश्मीर. ती लाटता लाटता म्हणाली, "मला वाघ बघायचाय."

मी हसले. जंगलाच्या कडेला वाढलेल्या बाईनं वाघ पाहिलेला नाही हे मला खरंच वाटेना.

"कुठून बघणार?" ती म्हणाली. "दिलीप बघून यायचा. आमचे अप्पा म्हणायचे, मास्तरच्या मुली जंगलात जात नसतात. आम्हाला अंगणातून नुसता ऐकू यायचा."

दिलीप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. तिच्याहून धाकटा, आणि तो जाऊन यायचा! येऊन चुलीपाशी बसून बहिणीला सांगायचा, की वाघानं नुसतं बघितलं तरी पायातलं बळ जातं, बाईमाणूस असेल तर जागीच चक्कर येऊन पडेल. आईनं ते बिचारीनं खरं मानलं होतं. "मग लग्न झालं, इथे आले," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. मला तेव्हा जो संताप आला तो आजही तसाच येतो. माहेरी मुलगी म्हणून दाराच्या आत, सासरी सून म्हणून ओट्याच्या आत, आणि दोन्हीकडे माणसं चांगली, कुणी हात उगारणारं नाही, कुणी उपाशी ठेवणारं नाही, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार?

त्या संक्रांतीच्या सभेत अण्णांनी चष्मा चढवायच्या आधीच मी म्हणाले, "यंदा ताडोबा."

"कशाला?"

"वाघ बघायला."

"वाघ पेशवे पार्कात आहे," अण्णा म्हणाले. "बसनं जा. दुपारच्या जेवणाला घरी येशील."

"पिंजऱ्यातला नकोय."

"अस्सं. बिनपिंजऱ्याच्या वाघाला तू हवी असलीस तर?" त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबा सवयीनं हसले. "आणि मे महिन्यात चंद्रपूर? अगं, मे महिन्यात तिथली माणसं इकडे पळून येतात. आपण उलटे तिकडे जाणार, का तर म्हणे वाघ!"

"मेमध्येच दिसतो. पाणवठे आटतात, उरतं तिथे पाण्यावर यावंच लागतं त्याला."

"हे तुझ्या संगणकानं सांगितलं वाटतं?"

"हो," मी म्हणाले. सांगितलं होतं दिलीपमामानं, फोनवर. पण संगणकाला तेव्हा घरात नुकताच मान मिळू लागला होता, तो मी का सोडू?

मतं घेतली. कोकणाला अण्णा आणि बाबा. ताडोबाला मी. काकू कप गोळा करत होत्या. "झालं तर मग," असं म्हणून अण्णांनी वेळापत्रक उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, "अण्णा, माझा हात राहिला."

आई दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी होती. उजवा हात वर, मनगटापर्यंत कणीक, बोटांना तीळगूळ. तिला त्या दारात हात वर करून उभं राहिलेलं पाहून बाबांचं हसू अर्ध्यात राहिलं. अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ते रागावले नाहीत, रागावणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते एवढंच म्हणाले, "सुनंदा, हात कणकेचा आहे. मळलेली मतपत्रिका बाद धरतात."

"धुऊन येते," आई म्हणाली. "तेवढं थांबा."

ती गेली. आम्हाला नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. ती परत आली, या वेळी दारात थांबली नाही, हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिनं हात सरळ वर केला. पाण्याचे ओघळ बांगड्यांवरून कोपरापर्यंत आले होते. "आता मोजा," ती म्हणाली.

दोन विरुद्ध दोन. सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले. "मला वाघबिघ काही नकोय," त्या म्हणाल्या. "पण कोकण पुरे. इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी ओढतेय, समुद्र तिथे नेमका कुठल्या अंगाला आहे ते मला अजून माहीत नाही." आणि त्यांनीही हात वर केला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," अण्णा म्हणाले. "आखा आता तुम्हीच. मी फक्त बसेन." समोर तव्यावर विसरलेली पोळी करपत होती, त्याचा वास दोन्ही घरांत भरला होता. मला तो वास फार आवडला.

मग मी सहल आखली, आणि आजच्या मुलांना सांगितलं तर हसतील इतक्या उत्साहानं आखली. आता मोबाइलवर बोट फिरवलं की जंगलाचं फाटक, वेळ, जीप सगळं पक्कं होतं. हल्ली ताडोबात गेलं की एका वाघामागे जीपची रांग लागते आणि माणसं वाघाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. त्या वेळी कंपनीत इंटरनेट होतं, ते कूर्मगतीनं चाले आणि ताडोबाबद्दल त्याला फारसं काही माहीत नव्हतं. सगळी भिस्त कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आणि दिलीपमामावर. त्या काचेच्या खोक्यात घामाघूम होऊन मी मामाला ओरडून विचारायची, जीप मिळेल का, उन्हाळ्यात फाटक किती वाजता उघडतं, आणि बाहेर रांगेतली माणसं वाघाची चौकशी मोठ्या गंभीरपणे ऐकायची. सोसायटीत बातमी पसरली. "मे महिन्यात चंद्रपूर? घरात काही भांडण झालंय का?" असं तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला जिन्यात विचारलं. मी म्हणाले, "हो. आणि आम्ही जिंकलो." अण्णांना 'फक्त बसणं' अर्थातच जमलं नाही. एप्रिलच्या शेवटी त्यांनी स्वतःचं वेळापत्रक काढलं. त्यात 'पहाटे चहा', मग 'वाघ', आणि नऊ वाजता 'परत, पोहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. वाघानं त्यांच्या वेळेत यायचं होतं.

निघायच्या दिवशी कॅन भरून दाराशी आले. मी म्हणाले, "अण्णा, जंगलात प्रत्येक जागेची किंमत आहे, जीप लहान असते." ते म्हणाले, "पाण्याचीही आहे." आईनं उन्हाचा उतारा म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला. तिच्याकडे तशी रीत आहे. अण्णांनी आपला कांदा काढून तिच्या हातावर ठेवला, "हा भाजीत घाल." रेल्वेच्या डब्यात भुसावळनंतर खिडकीतून आत येणारा वारा चुलीतून आल्यासारखा येऊ लागला. एक कॅन वर्ध्यापर्यंत संपला. दुसऱ्यातलं पाणी चहाला आधण ठेवावं इतकं तापलं होतं, तरी अण्णा ते घोट घोट पीत होते आणि "तरीसुद्धा चव बघ" म्हणत होते. वर्ध्याहून पुढे एसटी, आणि मग मामाची जीप. जसजशी झाडं बदलत गेली तशी आई खिडकीकडे सरकत गेली. पळसबोडीला उतरल्यावर ती घरात शिरायच्या आधी अंगणातल्या टोपलीपाशी बसली, पिकलेलं टेंभरू फोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मी तिला असं खाताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ती शेवटी बसायची आणि लवकर उठायची.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जीप अंगणात उभी होती, टप काढलेली. मामा चालवणार, शेजारी अण्णा. मागे काकू, बाबा आणि मी. मधे उरलेला, अजून बराचसा भरलेला कॅन, त्याला अण्णांनी दोरीनं दांड्याला बांधून घेतलं होतं. आई पायरीवर उभी होती, दोन्ही हातांत पोह्यांचा मोठा डबा, वर गूळशेंगदाण्याची पिशवी. ती पहाटे कधी उठली होती कोण जाणे.

मामानं मागे वळून पाहिलं. "फाटकावरून गाइड घ्या लागते जी. ताई नाही मावत याच्यात."

"सुनंदाचं काय," अण्णा लगेच म्हणाले, "तिचं माहेरच आहे. ती केव्हाही बघेल."

"पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना," बाबा म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले, पण बोलल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"ताई, तू कायले येते उन्हातान्हाची?" मामा म्हणाला. "मस्त वांग्याचं भरीत करून ठेव. मी या सगळ्यायले दाखवून आणतो."

कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण केतनला वाटेल मी त्याच्या आजोबांना खलनायक करते आहे. उलट सगळे प्रेमानं बोलत होते, आणि प्रेमानं बोलत बोलत तिला पुन्हा अंगणात ठेवून निघाले होते, जिथून वाघ नुसता ऐकू येतो. आईनं डबा माझ्यापुढे केला. तिचे हात पुन्हा भरलेले होते.

"मी डबा घेणार नाही," मी म्हणाले. "तू घेऊन बस."

"कुठे बसू?" तिनं विचारलं. तिनं ते रडवेलं होऊन नाही विचारलं. जागा कुठली, असं सरळ विचारलं.

मी कॅनवर हात ठेवला.

"पाण्याला हात लावायचा नाही," अण्णा पुढून म्हणाले. "इथलं पाणी कुणाला बाधलं तर डॉक्टर कुठे शोधणार? भलतंच काहीतरी."

आईनं डबा पायरीवर ठेवला. जीपपाशी आली, दोरीची गाठ सोडली आणि कॅन ओढून खाली उतरवला. तो जड होता, मी मदतीला उठले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. नुसता उतरवला असता तर अण्णांनी तो परत चढवायला लावला असता, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तिनं निळं झाकण फिरवलं आणि कॅन अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी आडवा केला. त्या गावात मे महिन्यात कुणी पाणी वाया घालवत नाही, म्हणून झाडाच्या बुंध्याशी. डबडब आवाज करत पुण्याहून आणलेलं पाणी जमिनीत जात राहिलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. शेवटचं थेंबभर राहिलं तेही तिनं कॅन झटकून ओतलं, झाकण लावलं, कॅन पायरीवर ठेवला, डबा उचलला आणि जीपमध्ये त्याच्या जागेवर येऊन बसली.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "केव्हाची मी गुडघा आखडून बसलेय. चला हो मामा, ऊन व्हायला लागेल."

फाटकावर सोमा नावाचा गाइड चढला. जंगल मी कल्पिलं होतं तसं हिरवं मुळीच नव्हतं. पानं गळून गेलेली, बांबू पिवळा पडलेला, जमिनीवर वाळका पाचोळा, आणि मधूनच साल सोललेलं पांढरंफटक झाड. पहिला अर्धा तास अण्णा हाताची घडी घालून समोर बघत बसले. मग सोमानं "बायसन" म्हणून बोट दाखवलं आणि त्यांना राहवलं नाही. "बायसन अमेरिकेत. हा गवा." सोमा म्हणाला, "होय जी साहेब. पण जरा हळू बोला." चितळांचे कळप दिसले, भेकर दिसलं, माकडं तर आमच्याकडे बघून कंटाळली. वाघ नाही. उन्हाचा चटका पाठीवर बसू लागला. शेवटी मामानं एका पाणवठ्याशी जीप आणून बंद केली. तळ्याचं डबकं झालेलं, कडेला चिखल, पलीकडे जांभळीची दाट सावली. तिथे आम्ही नुसते बसलो. नऊ वाजले तसं अण्णांनी घड्याळ पाहिलं.

"चला. झालं बघून. पोहे जीपमध्येच खाऊ वाटेत."

मामानं किल्लीला हात घातला, तेव्हा आईनं हात वर केला. सभेत केला होता तसा, सरळ, कोपर न वाकवता. मी माझा वर केला, काकूंनी केला. आणि मग बाबांनी केला. अण्णांकडे न बघता, समोर पाण्याकडे बघत, पण नीट वर केला. अण्णांनी वळून ते चार हात पाहिले. मामाला म्हणाले, "राहू दे किल्ली."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माकडं एकाएकी ओरडायला लागली, आणि जांभळीच्या सावलीतून वाघीण बाहेर आली. घाई नाही, दबकणं नाही. घरची बाई मागच्या दारी यावी तशी आली. पाण्याशी येऊन वळली आणि मागे सरकत सरकत, आधी शेपटी, मग मागचे पाय असं करत पाण्यात बसली. तोंड आमच्याकडे. तिनं आमच्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. चक्कर नाही, पायातलं बळ गेलेलं नाही. आई डबा मांडीवर धरून ताठ बसली होती आणि दोघी एकमेकींकडे बघत होत्या. वाघीण पाणी प्यायली, बराच वेळ बसून राहिली, मग उठून ओल्या अंगानं सावलीत निघून गेली. चिखलात तिच्या पंजांचे ठसे पाण्यानं भरत आलेले दिसत होते.

मला वाटलं, आता आई रडेल. ती मामाकडे वळली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"एवढंच होतं काय रे दिलीप?" ती म्हणाली. "अन् याच्यासाठी मले घरात बसवून ठेवलं?"

मोठ्यानं म्हणाली. पुण्यात आल्यापासून तिनं अण्णांसमोर 'मले' म्हटल्याचं मला आठवत नाही. मामा स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. वाघीण सुंदर होती, आई ते नाकारत नव्हती. पुढे कित्येक वर्षं ती त्या वाघिणीबद्दल सांगायची, पाण्यात बसताना तिनं कान कसे मागे केले ते करून दाखवायची. पण त्या क्षणी तिला कळलं होतं, की जंगल होतं तिथेच होतं, जायला एक जीप आणि एक जागा लागत होती, आणि तेवढी जागा तिला अर्ध्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्याचा राग येऊ नये तर कशाचा यावा? मला आजही कुणी म्हणालं, की अगं, शेवटी पाहिला ना वाघ, मग झालं की, तर मी म्हणते, नाही झालं.

अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता 'मले' दुरुस्त होणार. ते मामाला म्हणाले, "पाणी आहे का तुमच्याकडे?"

जीपच्या बाजूला मामाची छागल टांगलेली होती, जाड कापडाची, बाहेरून पाझरून ओली झालेली. मामानं ती काढून दिली. अण्णा वरून धार धरून प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. तोंड पुसून छागल परत देताना म्हणाले, "गार आहे." मग पोहे उघडले, आणि आम्ही वाढून घेतलं. आई सगळ्यांच्या आधी जेवली.

पुण्याला परतल्यावर आठ दिवसांत अण्णा जिन्यात त्या तळमजल्यावरच्या गृहस्थांना समजावून सांगताना दिसले, "छे छे, जायचं तर मेमध्येच. पाणवठे आटतात ना! लोकांना हे माहीत नसतं." केतनच्या स्मरणिकेतली व्हिजन तिथून निघाली. माझी त्याला हरकत नाही. अण्णांनी त्या दिवशी किल्ली थांबवली, एवढं मी त्यांच्या नावावर लिहायला तयार आहे. पाणी मात्र आईच्या नावावर राहील.

पुढच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी सभा भरली. अण्णा आरामखुर्चीत, मांडीवर वेळापत्रक. बाबा त्यांच्याशेजारी पेपर चाळत बसलेले. समोरच्या घरातून आई आली. हातात परात, परातीत पीठ, पाण्याचा तांब्या, गुळाचा गोळा. तिनं परात बाबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"कणीक घट्ट मळा," ती म्हणाली. "मला आज हात मोकळे लागतील."

आणि ती अण्णांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.